हद्दीबाहेर एक दिवस

मी त्यांच्या घरात भाड्यानं राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारावर नोटीस डकवलेली होती. "इसम नामे मास्तर, राहणार पडवीलगतची खोली, यांस कळविण्यात येते की, आपली बादली विहिरीच्या काठावर बेवारस स्थितीत आढळून आली. तरी ती सूर्यास्तापूर्वी हलवावी." खाली सही, तारीख आणि दोन पंचांच्या सह्यांसाठी मोकळी जागा. पंच मिळाले नसावेत. घरात घरमालक आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, असे दोघंच होते, आणि काकींना सही येत नव्हती.

मालवणच्या कोर्टात ते बेलीफ होते. ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोर्टाचं समन्स माणसाच्या हातात नेऊन द्यायचं, तो घेत नसेल तर त्याच्या दारावर डकवायचं, हे बेलीफाचं काम. त्यांना चांगलं नाव होतं, पण गावात ते कोणी वापरत नसे. सगळे बेलीफच म्हणत. उंच, वाळके, पन्नाशी ओलांडलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. पंचवीस वर्षं त्या खांद्यावर चामड्याची पिशवी होती.

त्यांना दोन भाषा येत. कामावर असले की छापील मराठी, नसले की मालवणी. घरी ते बहुतेक कामावरच असत.

मी घाटावरचा, मालवणात हायस्कुलावर नवीन लागलेला. आजूबाजूची गावं समजून घ्यावीत म्हणून मी त्यांना विचारायचो. दुसरा कोणी असता तर देऊळ, समुद्र, आंबे असं काहीतरी सांगितलं असतं. बेलीफ गाव सांगत ते घरांच्या मागच्या दारांवरून. इकडे त्याला मागीलदार म्हणतात. "त्या गावाला मागीलदारं फार. प्रत्येक मागीलदाराला लागून माड. माणूस एकदा माडांत गेला की सापडत नाही." दुसऱ्या एका गावाबद्दल म्हणाले, "गाव चांगलं. मागे खाडी आहे. पळायला जागा नाही."

एकदा एक माणूस त्यांना बघून कोरड्या विहिरीत उतरून बसला. बेलीफ विहिरीच्या काठावर बसले, पिशवीतून समन्स काढलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत खाली तोंड करून वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऐकू आलं?"

खालून आवाज आला, "नाय!"

"समन्स बजावलं," असा त्यांनी शेरा लिहिला, आणि घरी येऊन जेवले.

त्यांचा आवाज हा वेगळा विषय आहे. बोलताना तो साधाच असे. पण हातात कागद आला की तो छातीतून निघे, प्रत्येक शब्द सुटा सुटा आणि आळीच्या टोकापर्यंत स्पष्ट. वर्तमानपत्रही ते तसंच वाचत. बाजारभाव ऐकतानासुद्धा आपल्याला शिक्षा झाली आहे असं वाटे.

नोटिसा डकवायला खळ लागायची. ती काकी करत. पहाटे चूल पेटली की पहिलं भांडं खळीचं चढे. तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून त्या ती नारळाच्या करवंटीत भरून देत. मग दुसरं भांडं पेजेचं. "आधी कोर्टाची पेज, मगे आमची," असं त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नव्हे, क्रम सांगावा तसं.

काकी बुटक्या, गोऱ्या, अतिशय हळू बोलणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. मी आलो त्या वर्षीची चतुर्थी मला आठवते. इकडे गणपतीत भजनाची मंडळी घरोघर जातात, आणि ज्याच्या घरी भजन होतं त्यानं उसळ खायला घालायची असते. काकींनी काळ्या वाटाण्याची मोठं पातेलंभर उसळ केली होती. मंडळी टाळ वाजवत आमच्या फाटकापर्यंत आली आणि पुढच्या घरी वळली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. भजनातल्या बाराजणांपैकी सातजणांना बेलीफांनी कधी ना कधी कागद दिला होता, आणि उरलेले पाच त्या सातांचे भाऊबंद होते. ती उसळ मी तीन दिवस खाल्ली. चांगली झाली होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, एका सकाळी खळ ढवळता ढवळता काकी म्हणाल्या, "माका एक दीस अशा गावात घेवन चला, जंय तुमका बघून कोण दार लावचो नाय."

मी पडवीत दाढी करत होतो. काकींनी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बेलीफांनीही ऐकलं नसावं, कारण हातात घेतलेली करवंटी त्यांनी पुन्हा खाली ठेवली.

"मागणी नोंदवून घेतली," ते म्हणाले, आणि कामावर गेले.

असं गाव शोधायला त्यांना सव्वा वर्ष लागलं.

अटी दोन होत्या. पहिली, त्या गावात त्यांनी समन्स बजावलेलं नसावं. दुसरी, तिथं नातेवाईक नसावेत. दुसरी अट त्यांनी स्वतःहून घातली. नातेवाइकांकडे गेल्यावर काकी पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात असत, आणि निघायच्या वेळीच बाहेर येत. "सदर दिवशी तिनं चुलीसमोर बसू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. रोज संध्याकाळी ते पडवीत बसून एकेक गाव आठवत आणि रद्द करत. किनाऱ्यावरचं एकही टिकलं नाही. आतल्या बाजूचं एक सहा महिने टिकलं, आणि मग तिथल्या बांधाच्या भांडणाचं समन्स त्यांच्याच पिशवीत आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटी मीच म्हटलं, "तालुक्याबाहेर बघा की. कर्ली नदीच्या पलीकडे तुमचं कोर्ट नाही."

पंचवीस वर्षांत ते हद्दीबाहेर फक्त लग्नकार्यासाठी गेले होते. कुडाळात त्यांचे मेव्हणे राहत आणि वेंगुर्ल्याला काकींचं माहेर, म्हणून ती दोन गेली. राहिलं वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून मोठं तळं, भोवती माड-पोफळी. कोणी नातेवाईक नाही, कोणी वादी नाही, प्रतिवादी नाही.

"तुम्ही पाहणी करून या," त्यांनी मला सांगितलं. "तिथं मला कोणी ओळखतं का ते बघा."

"कसं बघू? ओळखता का म्हणून विचारलं तर तुमचं वर्णन करावं लागेल. मग ओळखतील."

"मग काही विचारू नका. नुसतं बघून या."

मी एका रविवारी जाऊन नुसतं बघून आलो. सावली भरपूर, तळ्याला दगडी पायऱ्या, चहाचं एक दुकान. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मागीलदारं?" मी मोजली नव्हती.

मग सहलीचा मसुदा तयार झाला. आधी कच्चा, मग पक्का. कोर्टाला नाताळची सुट्टी आणि माझ्या शाळेलाही, म्हणून तो दिवस. मी साक्षीदार म्हणून बरोबर जायचं. पहाटेच्या गाडीनं चौके, तिथून चालत नदी, होडीनं पलीकडे, मग पुन्हा चाल. बरोबर पाव, केळी आणि खाजं, म्हणजे काकींना काही शिजवावं लागणार नाही. अकरा ते साडेबारा, तळ्याकाठी बसणे. साडेबारा ते एक, फराळ. एक ते तीन, काहीही न करणे.

मसुदा त्यांनी काकींना वाचून दाखवला. आळीनंही ऐकला.

"काय्येक नाय करूचा म्हणजे काय करूचा?" काकींनी विचारलं.

"ते तिथं ठरवू," बेलीफ म्हणाले.

शेवटचं कलम सर्वांत अवघड होतं. कोणी धंदा विचारला तर काय सांगायचं? बेलीफ खोटं बोलत नसत. खोटा शेरा लिहून मागणाऱ्यांना त्यांनी कधी दाद दिली नव्हती, आणि त्यामुळेच शत्रू वाढले होते. आठवडाभर विचार करून त्यांनी उत्तर लिहिलं, "कागद पोचवतो." खरं होतं, आणि पुरेसं होतं.

पिशवी घरी ठेवून ते निघाले तेव्हा त्यांना चालता येईना. उजवा हात सारखा खांद्याकडे जाई आणि रिकामा परत येई. काकींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. त्या दोन पावलं मागून चालत होत्या, आणि मध्येच, कोणी बघत नाहीसं बघून, बरोबरीनं.

होडीत तारी म्हणजे होडीवाला बेलीफांकडे निरखून बघत होता.

"वालावलीक कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. सहज."

त्यानं वल्हं थांबवलं. "लगीन आसा?"

"नाही."

"कोण मेला?"

"नाही."

"मगे नवस असतलो," असं म्हणून त्यानं स्वतःचं समाधान करून घेतलं आणि वल्हं पुन्हा मारायला लागला. सहज कुठं जाणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मीही नव्हती.

देवदर्शन करून आम्ही अकराला पाच कमी असताना तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. बेलीफांनी घड्याळ बघितलं आणि पाच मिनिटं थांबून मग नीट बसले. ऊन कोवळं होतं. पाण्यात माडांची सावली हलत होती. काकींनी पाय पाण्यात सोडले.

मग पंचा नेसलेले एक म्हातारे आले. "खंयचे?"

"मालवणचे."

"कोणाकडे इलात?"

"कोणाकडेही नाही."

म्हातारे गेले आणि आणखी दोघांना घेऊन आले. त्यांच्यामागून बायका आल्या. पाव तासात दहा-बारा माणसं पायऱ्यांवर जमली. नुसतं बसायला इतक्या लांबून कोणी येतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"काम काय करतास?" पंचावाल्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

काकी तळ्याकडे बघत राहिल्या.

"कागद पोचवतो," बेलीफ म्हणाले.

"म्हणजे पोस्टमन!" म्हातारे ओरडले. "अरे, पोस्टमन मां हे! आधी सांगूक नको?"

बेलीफांनी तोंड उघडलं. काकी खोकल्या. त्यांनी तोंड मिटलं. मसुद्यात यापुढचं कलम नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते त्यांच्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. माणसं त्यांच्याकडे धावत यायला लागली. एकानं शहाळं आणलं. एकानं मुंबईच्या आपल्या भावाचा पत्ता बरोबर आहे का ते विचारलं. आणि काठी टेकत एक म्हातारी आली, मागून तिची सून. म्हातारीनं पदराची गाठ सोडून एक पत्र काढलं.

"पोस्टमनानू, चार दीस झाले कागद येवन. शाळेचो मास्तर नाताळाक गावाक गेलो. आमका कोण वाचून दाखयतलो? चला, घराकडे चला. जेवन जावा."

घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. सगळी माणसं मागोमाग अंगणात आली. मास्तर म्हणून पत्र आधी मी हातात घेतलं आणि दोन ओळी वाचल्या. म्हातारीनं कानामागे हात धरला, मग सुनेला म्हणाली, "ह्येचो आवाज खंय जाता?" तिला ऐकू कमी येत होतं.

मग पत्र बेलीफांनी घेतलं.

मुलगा बोटीवर खलाशी होता. बोट कलकत्त्याला लागली होती. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. यंदाही शिमग्याला येणं होईल असं वाटत नाही. रजा मिळत नाही. राग मानू नको." असं सलग चौथं वर्ष. बेलीफांचा तो आवाज अंगणातून तळ्यापर्यंत गेला असेल. म्हातारी पहिल्या ओळीलाच उठून उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच होती. शब्दन् शब्द तिला पोचत होता. सून दाराआड होती. तिचा फक्त पदर दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

"ऐकलं?" पत्र संपल्यावर बेलीफांनी विचारलं.

"ऐकलंय."

"समजलं?"

"समजला."

"मग इथं अंगठा करा," ते म्हणाले, आणि त्यांचा हात खांद्यावरच्या नसलेल्या पिशवीकडे गेला. पंचवीस वर्षांची सवय होती.

म्हातारीचा चेहरा उजळला. "अंगठो? मनिऑर्डर आसा काय? गो, ऐकलंस? त्येना मनिऑर्डर धाडल्यान!"

सून दाराबाहेर आली. मी काकींकडे बघितलं. काकी बेलीफांकडे बघत होत्या. सवयीनं बोलून गेलो, एवढं म्हणून भागलं असतं. मी असतो तर तेवढंच म्हणालो असतो.

"नाही," बेलीफ म्हणाले. "मनिऑर्डर नाही. मी पोस्टमन नव्हे. मी मालवणच्या कोर्टाचा बेलीफ आहे."

पहिल्यांदा पंचावाले म्हातारे उठले. त्यांना म्हैस सोडलेली आठवली. मग शहाळंवाला गेला. बायका पोरांना हाका मारत गेल्या. कोणी काही वाईट बोललं नाही. थोड्या वेळानं अंगणात आम्ही तिघं, म्हातारी आणि सून एवढेच उरलो. काकींनी खाज्याची पुडी हातात घट्ट धरली होती.

"काय म्हणता तो?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

सून तिच्या कानाशी ओरडली, "बेलीफ! कोर्टाचो!"

म्हातारीनं बेलीफांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमच्यार काय आसा?"

"काही नाही," बेलीफ म्हणाले.

"मगे जेवक बसा. भात थंड जाता."

आत पाट मांडले. काकी सवयीनं चुलीकडे वळल्या, तर सुनेनं त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं. भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. बेलीफ मान खाली घालून जेवत होते. मध्येच काकी म्हणाल्या, "माका आणिक वायच भात होयो." त्यांनी असं मागून घेतलेलं मी एवढं एकदाच ऐकलं.

जेवणानंतर म्हातारीनं बेलीफांना पुन्हा अंगणात बसवलं. "आता उत्तर लिवा. सगळा बरा आसा, म्हस येयली, आणि शिमग्याक ये म्हणान लिवा." कागद सुनेनं आणला, पेन माझं. काकी आणि सून तळ्याकडे गेल्या. एक ते तीन बेलीफ लिहीत होते. काहीही न करण्याचं काम काकींनी एकट्यांनी पार पाडलं. पायऱ्यांवरून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यातला काकींचा कुठला ते मला ओळखता आलं नाही, कारण मी तो आधी ऐकलेला नव्हता.

लिहिलेलं मी वाचून बघितलं. "इसम नामे मुलगा यांस कळविण्यात येते की, आपली आई सदर ठिकाणी हयात असून, म्हैस व्यालेली आहे. तरी आपण शिमग्यापूर्वी आईसमोर समक्ष हजर राहावे. कसूर केल्यास पुढील तजवीज करण्यात येईल." खाली सही, हुद्दा, आणि मालवणचा पत्ता.

"पुढील तजवीज कसली?" मी विचारलं.

"ते नेहमीच लिहितात," ते म्हणाले.

परतीच्या होडीत बेलीफच म्हणाले, आणि मालवणीत म्हणाले, "तुझो दीस फुकट गेलो."

"कित्याक?"

"लोक उठान गेले मां."

"गेले ते गेले," काकी म्हणाल्या. "म्हातारेन दार लावक नाय."

शिमग्याच्या चार दिवस आधी एक काळासावळा तरुण डोक्यावर ट्रंक घेऊन आमच्या फाटकाशी आला. मुंबईची बोट त्याच सकाळी मालवणला लागली होती. तो घरी न जाता थेट इकडे आला होता. हातात ते पत्र होतं, घड्यांवर फाटायला आलेलं.

"बेलीफ हंयच रवतत? माझ्यार केस काय आसा?"

बेलीफ बाहेर आले. त्यांनी पत्र बघितलं, त्याला बघितलं. "हजर व्हायचं ते इथं नाही," ते म्हणाले. "वालावलला. निघा." काकींनी मात्र त्याला पेज पाजल्याशिवाय सोडलं नाही.

शिमगा झाला. त्याच्या परतीच्या बोटीच्या दिवशी म्हातारी त्याला पोचवायला मालवणला आली, आणि बंदरावर जायच्या आधी मुलाला घेऊन आमच्याकडे आली. काकींनी तिला हात धरून पडवीत बसवलं. आळीतल्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहून बघत होत्या. बेलीफाकडे समन्साशिवाय कोण आलं, हे त्यांना कळेना. त्यातली एक गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आत आली, आणि मग जायचं विसरली.

म्हातारी बेलीफांना म्हणाली, "तुमी कागद लिवल्यात आणि ह्यो इलो. चार वर्सा मी बोलयतंय, तर येवक नाय. आता ह्येना जावचा नाय म्हणान पण एक कागद लिवा."

बेलीफांनी खांद्याकडे हात नेला. या वेळी पिशवी तिथं होती. पण त्यांनी ती उघडली नाही.

"तो अधिकार कोर्टाकडे नाही," ते म्हणाले.

ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं, तिला ऐकू जाईल असं.

"मगे कोणाकडे आसा?"

"कोणाकडेच नाय गे, बाय," ते म्हणाले.

तेवढ्यात बंदरावरून बोटीचा भोंगा झाला. मुलगा दचकला, त्यानं ट्रंकेला हात घातला आणि तसाच थांबला. म्हातारीला भोंगा ऐकू गेला नव्हता. ती काकींना म्हशीच्या रेडकाबद्दल सांगत होती. काकी मान हलवत होत्या, आणि आम्ही कोणीच तिला काही सांगितलं नाही.